डावीकडे

जानेवारीत तांडापेठेच्या गल्लीत
झाकण उचललं की वाफ येते.
थंडीत गटारही माणसासारखं तोंडातून धूर सोडतं
हे मला मशीनवर आल्यावर कळलं.
आधी मी कचऱ्याचा टिप्पर चालवायचो.

शालिकनं रीळ सोडलं.
होस उतरला खाली, पितळी नोझल पुढं.
त्या नोझलची एक गंमत आहे,
भोकं सगळी मागच्या अंगाला:
पाणी मागे फेकतो, म्हणून पुढे सरकतो.
काटा दीडशेवर. हातमोज्यात रबर थरथरतं
आणि त्या थरथरीवरून ओळखायचं
खाली वाळू आहे, चरबी आहे, की पिंपळाचं मूळ.

सत्तावीस मीटरवर अडला.
मागे ओढला, सोडला.
पुन्हा सत्तावीस.
इंजिनाचा आवाज जड झाला तशा
पौनीकरबाई ओट्यावरून म्हणाल्या,
"चार दिवस झाले, संडासात विटा ठेवून जाऊन राहिलो आम्ही.
तुमची मशीनबी थकली का बाप्पा?"

मोबाइलवर नकाशा उघडला.
नकाशात गल्ली सरळ. पाइपही सरळ,
कोण्या साहेबानं पट्टी धरून
ओढलेली निळी रेघ.

गेंदलालकाका सायकल हातात धरून आले, कानाला मफलर.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली
पण मशीन सुरू झाली की कुठूनतरी येतात,
लग्नाच्या बँडमागं पोरं यावीत तसे.
चेंबरात डोकावले नाहीत.
पिठाच्या गिरणीपाशी गेले,
टाच आपटली रस्त्यावर, दोनदा.
"इथं वळते ते. डावीकडं.
इथून पुढं विटांचं आहे, अंड्यावानी.
माझा खांदा घासे."

आणि त्यांनी डावा खांदा आत घेतला,
तिथं, भर रस्त्यात, मोकळ्या उन्हात.

मी शालिककडं पाहिलं.
शालिक आपल्या गमबुटांकडं.

गिरणीमागं डांबराखाली दुसरं झाकण होतं.
कोणालाच माहीत नव्हतं. सब्बलनं अर्धा तास फोडलं.
तिथून उलटा होस घातला, काटा एकशे ऐंशी.
आधी काहीच नाही.
मग खालून खोकल्यासारखं काहीतरी,
मग पौनीकरबाईंच्या मोरीनं ढेकर दिला
आणि पाणी उतरायला लागलं, घळघळ,
चार दिवसांचं.

जाळीत आलं ते असं:
मागच्या उन्हाळ्यातलं कूलरचं गवत,
केस, संत्र्याची सालं, स्टीलचा एक चमचा,
आणि सुताचा गोळा, डोक्याएवढा.
किरमिजी असावं कधीतरी.
शालिकनं काडीनं उकलला तर मधे धोटा.
हातमागाचा. टोकं अजून गुळगुळीत.

या गल्लीतला शेवटचा माग कधी बंद पडला
यावर ओट्याओट्यांवर वाद झाला.
प्रेशर उतरवून मी धोटा धुतला.
पौनीकरबाईंनी उलटसुलट करून पाहिला.
"आमचा नाही हा. आमच्यावर मामंजींनी
पितळेची टिकली ठोकली होती."
ठेवला मात्र त्यांनीच, खिडकीत, तुळशीच्या डब्याशेजारी.

रिपोर्ट भरताना नकाशात वळण टाकायला गेलो.
ॲप म्हणालं, आपल्याला परवानगी नाही.
तिसऱ्यांदाही तेच म्हणालं.

गाडीत ऑइलपेंटचा लाल डबा होता.
गिरणीच्या भिंतीवर बाण काढला,
खाली लिहिलं, डावीकडे, विटांचं.
गिरणीवाला काही बोलला नाही.
चहा पिता पिता गेंदलालकाका लांबूनच बघत होते.
कप ओट्यावर ठेवला, जवळ आले,
ओल्या रंगात बोट बुडवून
बाणाचं टोक वीतभर खाली ओढलं.

"उतार आहे तिथं," म्हणाले.
बोट सायकलच्या सीटला पुसलं आणि गेले.